विंचवाचे बिऱ्हाड आणि रात्रीचा मुक्काम

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ असे आपण म्हणतो, ते बहुधा कुणाची कीव करण्यासाठी. आज इथे, उद्या तिथे, हक्काची जागा कुठेच नाही, असा त्याचा अर्थ. परंतु गेल्या काही वर्षांत हे बिऱ्हाड पाठीवर घेण्याची हौस आपल्या सुखवस्तू मंडळींनाही लागली आहे. आडवे होण्यापुरती फळी, दोन शेगड्यांचा ओटा, पाण्याची टाकी, लहानसा फ्रिज आणि कोपऱ्यात न्हाणीघर म्हणावे इतकी जागा, एवढे सगळे पोटात घेऊन ही मोटार धावते. कुणी तिला कॅराव्हॅन म्हणतात, कुणी कॅम्पर व्हॅन. आपण तिला घरगाडी म्हणू.

दिवाळीची सुटी लागली की घरगाडीवाल्या कुटुंबाचा दिवस मोठ्या मजेत जातो. वाटेल तिथे थांबावे, चहा टाकावा, मुलांना झाडाखाली सोडावे, आजींनी सीटवर पाय लांब करून जपाची माळ ओढावी. हॉटेलच्या खोलीचे भाडे नाही, ‘चेक आउट’ची घाई नाही. पण दिवस मावळू लागला की यजमानांच्या कपाळावर आठी उमटते. गाडीत घर आहे, घरात अंथरूण आहे, अंथरुणात मुले पेंगुळली आहेत. आता ही गाडी उभी करायची कुठे?

हा प्रश्न रानात जेवढा अवघड नाही तेवढा शहराजवळ आहे. रानात फार तर कोल्हेकुईची भीती. शहराच्या वेशीवर भीती कसली आहे, हेच नीट कळत नाही.

शहराच्या दारात

समजा, पुसदचे एक कुटुंब मुलांना समुद्र दाखवायला मुंबईस निघाले आहे. पुसद हे यवतमाळ जिल्ह्यातले, पूस नदीकाठचे, डोंगरांच्या कुशीत वसलेले गाव. तिथून वाशीमच्या दिशेने निघून समृद्धी महामार्ग गाठता येतो. नागपूर ते मुंबई असा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून तो थेट भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पुरा झाला. सकाळी विदर्भात दूध-पोहे खाऊन निघालेले कुटुंब दिवेलागणीला मुंबईच्या दारात उभे राहू शकते. रस्त्याने त्यांना दारापर्यंत आणले खरे, पण दारात ‘या, बसा’ म्हणणारे कुणी नाही.

द्रुतगती मार्गाच्या कडेला गाडी लावावी म्हटले तर तो जीवाशी खेळ. अंधारात उभ्या असलेल्या वाहनावर मागून भरधाव वाहन आदळते आणि होत्याचे नव्हते होते. महामार्गावर थांबायचे ते ठरवून दिलेल्या थांब्यावरच. शहरात शिरावे तर पैसे घेऊन गाडी लावू देणाऱ्या जागा तासावर चालतात. तिथे गाडी ठेवता येते, पण आत माणसे झोपलेली दिसली की रखवालदार काच वाजवतो. तळघरातल्या पार्किंगची छते बुटकी, घरगाडीचा माथा त्यांच्याखाली मावत नाही. समुद्रकिनाऱ्यावर पोलिसांची शिट्टी. उरली नातलगांची सोसायटी. मावशी प्रेमाने म्हणते, “अरे, वर या ना झोपायला!” पण प्रश्न माणसांचा नसतोच. पाहुण्यांना घरात जागा असते, गाडीला आवारात नसते. पूर्वीच्या वाड्यात पाहुण्याच्या बैलांना गोठ्यात दावे मिळे आणि चाराही मिळे. आताच्या आवारात आखलेल्या प्रत्येक चौकोनाला मालक आहे.

कायदा काय म्हणतो, हेही वाचकांना ठाऊक असलेले बरे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२७ वे कलम असे की, सार्वजनिक जागी दहा तास वा अधिक काळ बेवारस सोडलेली किंवा मनाईच्या जागी उभी केलेली गाडी पोलिसांना उचलून नेता येते. १२२ वे कलम रस्त्यावर इतरांना धोका वा अडथळा होईल अशी गाडी ठेवू देत नाही. म्हणजे नुसती गाडी कुठे लावू नये, हे नीट लिहिलेले आहे. घरच गाडीत असलेल्या प्रवाशाने रात्री कुठे टेकावे, हे सांगणारे कुणीतरी हवे.

पुसदकरांना हे नवे नाही

गंमत अशी की, हा प्रश्न ज्यांनी शेकडो वर्षे रोज संध्याकाळी सोडवला, त्यांचे वंशज पुसदच्या आसपासच्या तांड्यांत आजही राहतात. ते म्हणजे आपले बंजारा, लमाण. वाणिज्य करीत फिरणारे ते बंजारा आणि लवण म्हणजे मीठ वाहणारे ते लमाण, अशी या नावांची फोड सांगतात. आगगाडी येण्यापूर्वी धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून देशभर नेण्याचे काम या समाजाने केले. बायकामुले, म्हातारीकोतारी, कोंबडी-कुत्री, सगळा संसार बरोबर.

तांडे केवढे असत, याची कल्पना आज करवत नाही. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाला १६३२ साली वाटेत एक तांडा भेटला. त्यात धान्याने लादलेले १४,००० बैल असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. त्याच शतकात हिंदुस्थानात आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन करतो. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला की तो पुढे सरकेपर्यंत दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबून राहावे लागे, असे तो सांगतो. आजच्या घाटातल्या वाहनकोंडीला नावे ठेवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे!

शब्दाचीही मौज पाहा. फारसीत अशा काफिल्याला ‘कारवान’ म्हणत. तो शब्द युरोपात जाऊन ‘कॅराव्हॅन’ झाला. पुढे इंग्रजांनी त्याचे डोके उडवून नुसते ‘व्हॅन’ केले. तेव्हा आपल्या दारातल्या व्हॅनच्या नावात तांड्याचीच शेपटी उरलेली आहे.

एवढ्या जनावरांना आणि माणसांना रोज रात्री थांबायला जागा लागे. नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, ती ठरवी. मुक्कामाला चार गोष्टी पाहाव्या लागत. पाणी जवळ हवे. गवत हवे. रात्रीची राखण हवी. तेवढ्यासाठी सामानाच्या गोण्यांचा आडोसा आणि राखणीला तिखट कुत्री असत. आणि चौथी गोष्ट म्हणजे ज्याची जमीन त्याची संमती. पहिल्या तीन गोष्टी नायकाच्या हुशारीवर मिळत. चौथी मात्र दुसऱ्याच्या हातात असे.

या चौथ्या गोष्टीबद्दल बंजारा समाजात एक परंपरा सांगितली जाते. वऱ्हाडच्या पोलिस खात्यातल्या कंबरलेज नावाच्या अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात ती नोंदवली. शहाजहानच्या काळी त्याचा वजीर आसफखान दक्षिणेच्या स्वारीवर निघाला, तेव्हा भंगी आणि जंगी या दोन नायकांचे बैल फौजेची रसद वाहत होते. त्या नायकांना ताम्रपटावर सोन्याच्या अक्षरांत सनद मिळाली, असे सांगतात. बाहेर कुठे पाणी मिळाले नाही तर लोकांच्या रांजणातले घ्यावे, गवत मिळाले नाही तर छपराचे उपटावे, अशी तिच्यात मोकळीक होती. शिवाय दिवसाला तीन खून माफ! अट एकच, फौजेचे घोडे जिथे तिथे नायकांचे बैल हजर हवेत.

ही सनद खरी किती आणि कहाणी किती, हे इतिहासकारांवर सोपवू. पण तिच्यातला व्यवहार उघड आहे. बादशहाला धान्य हवे होते, म्हणून मुक्कामाची परवानगी मिळाली. ती देताना ज्याच्या रांजणातले पाणी जाणार आणि ज्याचे छप्पर उघडे पडणार, त्या गावकऱ्याला मात्र कुणी विचारले नाही. फिरत्या माणसाचे आणि गावाचे भांडण जुने आहे, ते असे.

मुक्काम मोडला तो कसा

फौजांना रसद लागेपर्यंत तांड्यांचा मान टिकला. १८०३ च्या मराठे-इंग्रज युद्धात आर्थर वेलस्लीच्या सैन्याची भिस्तही बंजाऱ्यांच्या बैलांवर होती. त्यानंतर शांतता झाली, पक्के रस्ते झाले, आगगाड्या धावू लागल्या आणि बैलाच्या पाठीवरचे ओझे वाफेच्या इंजिनाने उचलले. काम गेल्यावर फिरणारा माणूस लोकांच्या डोळ्यांत खुपू लागला. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अनेक भटक्या जमातींच्या कपाळी जन्मतःच चोराचा शिक्का बसला, आणि काही प्रांतांत बंजाऱ्यांनाही त्याची झळ लागली. कालपर्यंत जो मुक्काम होता, तो आता संशय ठरला. तो कायदा रद्द होऊन या जमाती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी मुक्त झाल्या, पण गावाबाहेर पाल पडले की चौकशी करण्याची सवय कायद्याबरोबर गेली नाही.

पुष्कळ तांडे मग डोंगराच्या पायथ्याशी कायमचे थांबले आणि शेतीला लागले. पुसदजवळचे गहुली हे असेच एक गाव. तिथे १ जुलै १९१३ रोजी वसंतराव नाईक जन्मले. ते १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदी होते. त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषिदिन म्हणून पाळला जातो. ज्या समाजाचा संसार बैलाच्या पाठीवर होता, त्या समाजातला मुलगा राज्याच्या शेतीचा कारभारी झाला. तांडा हा शब्द पूर्वी चालत्या काफिल्याचा होता. आज तो वस्तीचे नाव झाला आहे.

चालता तांडा अगदीच संपला असेही नाही. वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांचे स्थान आहे. रामनवमीच्या यात्रेला बंजारा समाज तिथे दूरदूरच्या प्रांतांतून लोटतो. त्या गर्दीचा मुक्काम पाहिला की ध्यानात येते, थांबण्याची विद्या या लोकांच्या अंगात अजून मुरलेली आहे.

परदेशात काय करतात?

हौसेखातर घरगाडीत राहण्याचा पायंडा विलायतेत पडला. डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या गृहस्थांनी १८८५ साली ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची घरगाडी बनवून घेतली आणि तीत बसून देश पालथा घातला. मोटारी आल्यावर हौस वाढली. १९५१ पासून जर्मनीत फोक्सवॅगनच्या गाडीत संसार थाटून मिळू लागला. पाठोपाठ तिकडेही तोच प्रश्न उभा राहिला, रात्री थांबायचे कुठे?

तिथल्या लोकांनी त्यावर तोडगे काढले आहेत. जर्मनीत थकलेल्या चालकाला गाडी लावण्याच्या जागी एक रात्र विश्रांती घेता येते. मात्र बाहेर खुर्च्या-टेबले मांडून संसार पसरायचा नाही. शिवाय तेथील गावोगावी घरगाड्यांसाठी राखून ठेवलेल्या जागा आहेत. थोडे पैसे टाकले की पाणी, वीज आणि मैलापाणी ओतण्याची सोय मिळते. गावाला गिऱ्हाईक मिळते आणि पाहुण्याला झोप मिळते. अमेरिकेत वॉलमार्ट नावाच्या मोठ्या दुकानांच्या आवारात, तिथल्या व्यवस्थापकाला विचारून रात्र काढण्याचा रिवाज आहे. जपानमध्ये १९९३ पासून ‘मिचि-नो-एकि’, म्हणजे रस्त्यावरची स्थानके, उभी राहिली. चोवीस तास उघडे स्वच्छतागृह, गाडी लावायला फुकट जागा, आणि शेजारी गावच्या शेतकऱ्यांचा भाजीपाला. तिथे डुलकी घ्या, पण बिऱ्हाड करू नका, असे त्यांचे सांगणे असते.

आपल्या सरकारनेही हा विचार केला आहे. महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. पाणी, वीज, स्वच्छतागृह आणि मैलापाण्याची व्यवस्था असलेली घरगाड्यांची स्थानके सरकारी वा खाजगी जमिनीवर उभारावीत, असा त्याचा रोख. केरळनेही त्याच वर्षी हा मार्ग धरला. धोरण चांगले आहे. पण प्रवाशाला धोरणावर अंथरूण घालता येत नाही. जागोजाग अशी स्थानके होईपर्यंत आपली सोय आपणच पाहिली पाहिजे.

घरगाडीवाल्यांसाठी चार शब्द

पहिली गोष्ट, शहरात मुक्काम करायचा हट्ट सोडावा. शहराच्या अलीकडे तीस-चाळीस किलोमीटरवर थांबावे आणि सकाळी लवकर शहरात शिरावे. मुंबई-पुण्याच्या वाटेवर कार्ल्याला राज्य पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे, पुण्याच्या बाजूला पानशेतला आहे. अशा ठिकाणी आधी दूरध्वनी करून, आवारात गाडी लावू देतील का, आणि किती पैसे पडतील, हे विचारून घ्यावे. खोली घेणारा एखादा पाहुणा आणि गाडीत झोपणारी बाकीची मंडळी, अशी तडजोडही करता येते.

दुसरी गोष्ट, ट्रकवाल्यांकडून शिकावे. आपल्या देशात रात्रीच्या मुक्कामाची जुनी आणि भरवशाची जागा म्हणजे धाबा आणि पेट्रोल पंप. तिथे उजेड असतो, पाणी असते, रात्रभर जाग असते. पण फुकटचे पाहुणे होऊ नये. धाब्यावर जेवावे, पंपावर तेल भरावे, मग मालकाला नीट विचारावे, “दादा, मुलंबाळं बरोबर आहेत, रात्रभर गाडी इथं राहू दे का?” नाही म्हणणारा विरळा.

तिसरी गोष्ट, उजेड असतानाच जागा गाठावी. अंधारात जमीन कळत नाही, माणसेही कळत नाहीत. नदीचे पात्र कितीही सपाट आणि सुंदर दिसो, तिथे गाडी लावू नये. वर कुठे पाऊस झाला वा धरणाचे पाणी सुटले तर झोपेतच घात. खेड्यात थांबायचे तर सरपंच, पोलिस पाटील किंवा देवळाचे पुजारी यांच्या कानावर घालावे. आपले नाव-गाव आपणहून सांगितले की निम्मा संशय तिथेच मिटतो.

चौथी गोष्ट घरातल्या कर्त्या बायामाणसांनी विशेष ध्यानात ठेवावी. काचा गच्च लावून आत गॅसची शेगडी वा जनित्र चालवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. हवा खेळती ठेवावी, सिलिंडरची कळ झोपण्यापूर्वी बंद करावी. भांड्यांचे खरकटे पाणी आणि मैला वाटेल तिथे ओतू नये. टाकीत साठवावा आणि योग्य जागीच रिकामा करावा. एका गाडीने केलेली घाण पुढच्या दहा गाड्यांची जागा घालवते.

आणि गाडी स्वतः बनवून घेणार असाल तर प्रादेशिक परिवहन कार्यालयाची परवानगी आधी काढा. १९८८ च्या कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीत नसलेला बदल परस्पर करू देत नाही. नाही तर रात्रीच्या जागेआधी गाडीच जायची.

दिवाळीच्या वाटेवर

वरच्या साऱ्या सूचना पाळल्या, की घरगाडीतल्या कुटुंबाला बहुधा कुठे ना कुठे जागा मिळते. मिळते, याचे कारण सूचनांपेक्षा वेगळे आहे. नीटनेटके कपडे, बोलण्याची सफाई आणि चकचकीत गाडी पाहून समोरचा माणूस आदराने बोलतो. ‘साहेब, तिकडे सावलीत लावा’ असे म्हणतो.

दिवाळीच्या याच दिवसांत महाराष्ट्राच्या रस्त्यांवर दुसरीही बिऱ्हाडे चाललेली असतात. बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या दुष्काळी मुलखातून ऊसतोड कामगार साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वा बैलगाडीत भांडीकुंडी, पोरे, शेळी, वर चिपाडाच्या कोपीसाठी बांबू. त्यांत बंजाराही आहेत. मेंढरे घेऊन धनगर उतरत असतात. यांचाही तोच प्रश्न असतो: पाणी कुठे, राखण कशी, आणि या जागेवरून आपल्याला कुणी उठवील का? फरक एवढाच की, त्यांना ‘सावलीत लावा’ असे म्हणणारा भेटेलच असे नाही. आपली हौस ती त्यांची मजुरी आहे, आणि आपल्याला एका रात्रीत कळलेली अडचण त्यांना पाच-सहा महिने रोज आहे.

शेरशहा सुरीने सोळाव्या शतकात दर दोन कोसांना सराया बांधल्या. अहिल्याबाई होळकरांनी तीर्थांच्या वाटेवर धर्मशाळा आणि विहिरी उभ्या केल्या. त्यांनी तिथे येणाऱ्याची मिळकत विचारली नाही. वाटसरू थकणार, त्याला रात्र होणार, आणि त्याला पाणी लागणार, एवढेच त्यांनी धरून चालवले. आज आपण समृद्धी महामार्गासारखे रस्ते बांधतो. त्यांवरून एका दिवसात राज्य ओलांडता येते. त्या रस्त्यांच्या कडेला पाण्याचा नळ, स्वच्छ शौचकूप, दिवा आणि ‘थांबा, हरकत नाही’ असे सांगणारी पाटी असलेली मोकळी जागा थोड्या-थोड्या अंतरावर असावी, आणि ती घरगाडीला, ट्रकला आणि बैलगाडीला सारखीच खुली असावी, एवढे मागायला काय हरकत आहे? घरगाडीवाल्यांची संख्या थोडी, पण त्यांचा आवाज शहरात ऐकला जातो. त्यांनी ही मागणी केली तर तिचा लाभ ज्यांना आवाज नाही त्यांनाही होईल.

तोवर या दिवाळीत प्रवासाला निघालात आणि वाटेत एखाद्या मैदानावर तुमच्या गाडीशेजारी कुणी पाल ठोकू लागले, तर गाडी दूर नेऊ नका. फराळाचा डबा उघडा, दोन करंज्या पुढे करा आणि पाणी कुठे मिळते ते विचारा. ते त्यांना तुमच्यापेक्षा नक्की जास्त ठाऊक असेल.